कंसमामा टिप्पणीत जातात

सगळं सुरू झालं ते पाण्याच्या टाकीपासून. टाकी धुवायची होती, त्या दिवशी नळाला पाणी येणार नव्हतं, आणि तेवढंच एक वाक्य सूचना कार्यालयाच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत टाकायचं होतं. वेबपानावर एखादं वाक्य ठळक करायचं तर त्याच्या आधी एक खूण घालावी लागते आणि वाक्य संपलं की तिची जोडीदार, बंद करायची खूण. कार्यालयातल्या कोणीतरी पहिली घातली आणि दुसरी घालायची विसरलं. झालं! पाण्याच्या सूचनेखालचं सगळं पान ठळक झालं. वाचनालयाची सुट्टी ठळक, हरवलेलं मांजर ठळक, बागेतल्या बाकांचा रंग ओला आहे हेसुद्धा ठळक. बाकांचा रंग इतक्या जोरात ओला आहे म्हटल्यावर लोकांनी बागेत जाणंच सोडलं. मांजराच्या भीतीने दोन गल्ल्यांनी दारं लावून घेतली, आणि मांजर बिचारं बाहेर भुकेने ओरडत राहिलं.

वरून साहेबांना फोन आला. साहेबांना फोन आला की कोणाला ना कोणाला प्रशिक्षण होतं, पण या वेळी ते स्वतःच जाऊन आले. गेले तेव्हा बरे होते. परत आले ते मानक घेऊन. मानक म्हणजे वेबपान कसं लिहावं याचे जगाने मान्य केलेले नियम, आणि त्यातला एक नियम साहेबांच्या डोक्यात असा काही बसला की तिथे दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही.

"उघडलं की बंद करायचं," साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आणि जे सगळ्यांत शेवटी उघडलं, ते सगळ्यांत आधी बंद. आतलं मिटल्याशिवाय बाहेरचं मिटायचं नाही. समजलं?"

खुणांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं होतं. कंसमामा वर्षानुवर्षं हेच कानीकपाळी ओरडत आले होते. हे गृहस्थ कार्यालयातले सगळ्यांत जुने पानं लिहिणारे. खुणा टोकदार कंसांत लिहितात, आणि यांचा सगळा जन्म त्या कंसांत गेला, म्हणून कोणीतरी त्यांना कंसमामा म्हणायला लागलं. स्वभाव मात्र नावाच्या अगदी उलटा. मुंगीलाही 'सरका जरा' म्हणणारा माणूस. त्यांचं इतकी वर्षं कोणी ऐकलं नाही आणि साहेबांचं एका दुपारात ऐकलं, याचं त्यांना वाईट वाटलं. पण साहेब खुणांपाशी थांबले असते तर हरकत नव्हती. साहेब कपाटांपाशी आले. मग डब्यांपाशी: ज्याने डबा शेवटी उघडला त्याने आधी झाकण लावायचं, तोवर बाकीच्यांनी घास हातात धरून बसायचं. मग ते माणसांपाशी आले.

शेवटी आत आलेला माणूस आधी बाहेर जाणार. त्याच्या आधी आलेला त्याच्यानंतर. फाटकावर आडवा दांडा बसवला, तो हजेरीच्या कार्डाला जोडला, आणि क्रम चुकवून कोणी गेलं की फाटक सगळ्यांसाठी बंद. एकदा हिशेबनीस दाढदुखीने मधेच निघून गेला, तर बाकीच्या सहाजणांनी फायलींची उशी करून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्याची दाढ थांबली होती, पण त्याच्याशी महिनाभर कोणी बोललं नाही.

साहजिकच सकाळी कोणालाच आधी आत जायचं नसे. सगळे समोरच्या कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांच्या बुटांच्या नाड्या न्याहाळत. या खेळात कंसमामांना भाग घेता येत नसे, कारण कार्यालयाची किल्ली त्यांच्याकडे होती. ते कुलूप उघडणार, म्हणून ते पहिले आत. आणि पहिले आत, म्हणून शेवटी बाहेर. किल्ली दुसऱ्या कोणी घ्यावी असं त्यांनी सुचवून पाहिलं, तेव्हा सगळ्यांना एकदम कामं आठवली.

आणि त्या दिवशी त्यांना पाचच्या आत इस्पितळात पोचायचं होतं.

तिथे त्यांची ताई होती. आई गेली तेव्हा मामा एवढेसे होते. ताईने त्यांना वाढवलं, आणि वाढवताना तिचा अर्धा वेळ त्यांच्यामागून वस्तू बंद करत फिरण्यात गेला. हे पोर दार उघडं टाकायचं, नळ उघडा टाकायचं, बरणी उघडी टाकायचं, आणि सदऱ्याचं वरचं बटण तर कधी लावायचंच नाही. "तुझ्यामागे मिटवत फिरायलाच मी जन्मले," ती म्हणायची. पुढे या पोराला खुणा बंद करण्याची नोकरी लागली, तेव्हा ताई इतकी हसली की तिला उचकी लागली.

ताईचा एक डोळा कधीचाच गेलेला. दुसऱ्यावर पडदा आला होता, इतका की गेली काही वर्षं तिला धाकटा भाऊ म्हणजे एक उंच करडा ढग दिसायचा. त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज पाच वाजता पट्टी निघणार होती.

"पट्टी सुटली की समोर तूच पाहिजेस, धाकट्या," तिने सकाळी त्यांचा हात धरून सांगितलं होतं. "समोर पांढरी भिंत आहे म्हणतात. पांढरी भिंत बघून मी ओळखायचं कसं, दिसतंय की नाही ते?"

"येतो म्हणजे येतोच," मामा म्हणाले. तिने हात लवकर सोडला नाही. ताईला भीती वाटते ही गोष्टच मामांना नवीन होती, आणि ती त्यांना दिवसभर सोडेना.

कार्यालयातले लोक मनाने वाईट नव्हते. मामांसाठी सगळ्यांनी चारच्या आत क्रमाने बाहेर पडायचं ठरवलं. आणि साडेतीनला मानकाचे तपासनीस आले.

ते शेवटी आत आले, तेव्हा तेच आधी बाहेर जाणार. त्यांनी साहेबांच्या खोलीत बसून दोन पानं पाहिली, सरबत घेतलं, "छान, छान" म्हणाले, आणि साहेबांच्या खुर्चीत मान टाकून झोपी गेले. साधीसुधी झोप नव्हे. तोंड उघडं, हात लोंबते, घोरण्याने खिडकीची काच थरथरतेय अशी झोप.

"साहेब, उठवा ना त्यांना," मामा काकुळतीला आले.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब कुजबुजले. "आपलं प्रमाणपत्र त्यांच्या हातात आहे. आणि ते झोपलेत कशावरून? ही तपासणीचीच एखादी पद्धत असेल."

"माझ्या ताईची पट्टी काढणार आहेत हो पाचला."

"जा की मग! तुम्हाला कोणी अडवलंय? फक्त क्रम पाळा."

मामा आपल्या खुर्चीत येऊन बसले. घड्याळ त्यांच्या डोक्यावर होतं, ते बघायचं त्यांनी सोडून दिलं. शेजारच्या टेबलावर तिरकी बसायची. बंद करायच्या खुणेत एक तिरकी रेघ असते आणि हिचं बोलणंही तसंच, म्हणून ती तिरकी. तिला मामांचा चेहरा बघवेना.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला टिप्पणीत टाकते."

मानकात एक सोय आहे. पानावर काही लिहायचं आहे, पण ते वाचणाऱ्याला दिसायला नको, तर ते टिप्पणीच्या खुणांमध्ये लिहायचं. उघडायची खूण, बंद करायची खूण, मधे काहीही लिहा. ते पानात असतं, पण नसल्यासारखं. या सोयीवरच कार्यालय जिवंत होतं. प्रत्येक सूचनेखाली टिप्पणीत तिरकी काहीबाही लिहून ठेवायची, जसं की 'साहेबांचा नवा शर्ट पडद्याच्या उरलेल्या कापडाचा आहे', आणि मामा त्याखाली 'उशीचा अभ्रा पण' असं लिहायचे. साहेब रोज ती पानं बघून समाधानाने मान हलवायचे.

"टिप्पणीतला माणूस मोजत नाहीत," तिरकी म्हणाली. "मग क्रमाचा प्रश्न येतोच कुठे?"

मामांनी विचार केला. मानकाच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. तिरकीने दोन कागद घेतले. एकावर जाड शाईने उघडायची खूण काढली, दुसऱ्यावर बंद करायची. आता इथे या लोकांची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या पद्धतीमुळेच झालं. बंद करायला विसरू नये म्हणून हे लोक दोन्ही खुणा आधीच लावून टाकतात, एकीला चिकटून दुसरी, आणि मजकूर मागाहून मधे भरतात. बोटांना सवयच ती. "हलू नका," तिरकी म्हणाली. एक कागद तिने मामांच्या छातीवर चिकटवला, आणि त्याच झपाट्यात हात मागे नेऊन दुसरा थाप मारून लावला.

मामा खुर्चीत बसलेले होते. दुसरा कागद खुर्चीच्या पाठीला लागला.

मामा उठले. तिरकी आपल्या कामाकडे वळली होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुकलेल्या खुणा एका नजरेत पकडणारे मामा, पण स्वतःची पाठ कोणाला दिसते? ते सरळ फाटकाकडे निघाले.

"येतो हं," ते वॉचमनला म्हणाले. वॉचमन त्यांच्याकडे बघत मोठी जांभई देऊन मोकळा झाला. पडजीभ दिसेल अशी जांभई, वडीलधाऱ्यांसमोर कोणी देत नाही तशी. काय अभिनय करतो हा माणूस, असं मामांना कौतुक वाटलं. ते दांड्याखालून वाकून बाहेर पडले. दांड्याने चूंसुद्धा केलं नाही.

बसथांब्यावर त्यांनी हात केला. बस थांबली नाही. त्यांच्या मागच्या बाईंनी हात केला, तरी थांबली नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तालमीतल्या धिप्पाड माणसाने रस्त्यात उतरून दोन्ही हात हलवले. बस त्याला वळसा घालून गेली, खड्ड्याला घालतात तसा. मामा पायी निघाले.

फळवाल्याच्या गाडीवरून ते पुढे गेले, तेवढ्यात त्यांना समोरून येणारं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडून थांबलं. "इथे फळवाला असायचा ना?" फळवाला त्याच्या नाकासमोर हात नाचवत होता. चौकातला वाहतूक पोलीस मामांच्या मागे पडला आणि गाड्यांनी त्याची शिट्टी ऐकणं सोडून दिलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, गाड्या त्याचं तसंही ऐकत नसत. पण मग सिग्नलचे दिवेही मागे पडले, एक बँक मागे पडली, एक शाळा मागे पडली, आणि समोरून मुलांना न्यायला येणाऱ्या आया "शाळा कुठे गेली?" म्हणून एकमेकींना विचारू लागल्या.

मामा थबकले. त्यांनी हात वळवून आपली पाठ चाचपली. पाठीवर घाम होता. कागद नव्हता.

खुर्ची! उघडायची खूण त्यांच्या छातीवर, बंद करायची खूण खुर्चीवर, आणि या दोन्हींच्या मधे जे जे येईल ते सगळं टिप्पणी. ते एक पाऊल पुढे टाकत होते आणि मागचं शहर एक पाऊल खलास होत होतं. एक खूण चुकीच्या जागी लागली की काय होतं हे त्यांनी नवख्या लोकांना हजारदा समजावलं होतं, पण त्यात बँक आणि शाळा कधी आल्या नव्हत्या.

छातीवरचा कागद त्यांनी ओरबाडून काढला. हाताकडे बघितलं तर हात रिकामा, आणि कागद छातीवर जिथल्या तिथे. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, टिप्पणीच्या आत केलेलं काहीच लागू होत नाही. ते त्यांनीच एका सूचनेत लिहून भिंतीवर लावलं होतं.

परत जावं तर शहर सुटत होतं, पण पाच टळत होते. मामा आयुष्यात पहिल्यांदा शहराचा विचार न करता धावले. माफ करा, माफ करा, असं ते प्रत्येक दुकानाला म्हणत होते, आणि प्रत्येक दुकान मागे जाऊन नाहीसं होत होतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसले होते. मामा त्यांच्यासमोरून गेले. ताईच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं.

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "आज बाहेर चिटपाखरू नाही."

त्या आत वळल्या तसे मामा त्यांच्या मागोमाग शिरले आणि ताईच्या पलंगासमोर उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"धाकटा आला का?" ताईने विचारलं.

"आलोय! इथे आहे, ताई!" मामा ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. "नाही अजून."

"येईल. थांबू या जरा."

थांबले सगळे. मामा हातवारे करून, घसा फोडून दमले. ताई मान दाराकडे वळवून बसली होती, पावलांचा कानोसा घेत. तिला आपल्या पोराच्या पावलांचा आवाज हजार आवाजांत ओळखू यायचा, आणि आज ते पाऊल तिच्यासमोर उभं होतं तरी तिला काही ऐकू येत नव्हतं.

"आता काढायला हवी, ताई," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "जास्त वेळ ठेवणं बरं नाही."

"त्याला कार्यालयातून सोडलं नसेल," ताई म्हणाली. तिने त्यांची बाजू घेतली, म्हणून मामांना रडू आलं. "काढा."

डॉक्टरीणबाई तिच्या मागे उभ्या राहून पट्टी सोडू लागल्या. शेवटचा वेढा सुटला. ताईने डोळा उघडला.

समोर मामा होते, म्हणजे टिप्पणी होती. आणि टिप्पणीच्या जागी काय दिसतं? कोरं पान.

"काय दिसतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पांढरं."

"भिंत ना?"

"भिंत नाही हो. नुसतं पांढरं. त्याला काठसुद्धा नाही." ताईचा आवाज फाटला. "गेला. हाही गेला."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या घाईने मागच्या ट्रेकडे वळून बॅटरी शोधू लागल्या. ताईने मात्र आपल्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "धाकट्याला काय सांगू मी आता? त्याला वाटेल तो आला नाही म्हणून झालं."

मामांना ते सहन होईना. ते पुढे झुकले. त्याच वेळी ताईने, आंधळी माणसं करतात तसा, हात समोर पसरला, आणि तिची बोटं थेट त्यांच्या नाकावर आपटली.

मानकात दिसण्याबद्दल लिहिलेलं आहे. वाचण्याबद्दल, ऐकू येण्याबद्दल लिहिलेलं आहे. हाताला लागण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ते लिहिणाऱ्यांना तशी गरज वाटली नसावी.

ताईची बोटं नाकावरून खाली आली. नाकाला मधे उंचवटा होता, लहानपणी जिन्यावरून पडलेल्या पोराचा. बोटं कानाकडे गेली, मग मानेवर, मग सदऱ्यावर. वरचं बटण उघडं होतं.

"अस्सं," ताई म्हणाली.

तिने आधी बटण लावलं. मग तिच्या हाताला त्याखालचा कागद लागला. तिने तो वरून खालपर्यंत चाचपला. "हे काय चिकटवून घेतलंयस छातीवर?" असं म्हणत तिने, पोरांच्या अंगावरचं कुसळ काढावं तसा, तो कागद टरकन ओढून काढला.

बाहेर एकदम गलका उडाला. व्हरांड्यातले सगळे पेशंट एकाच वेळी आपला नंबर ओरडू लागले, दूर चौकात पोलिसाची शिट्टी वाजली, शाळेची घंटा झाली आणि सगळ्या आया एकदम "अगंबाई!" म्हणाल्या. आणि ताईसमोर, पांढऱ्याच्या जागी, घामाने निथळणारा, डोळ्यांतून पाणी गाळणारा एक उंच माणूस उभा राहिला. ढग नव्हे. माणूस, कडांसकट.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली.

"किती पिकलास रे," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली. बॅटरी घेऊन वळलेल्या डॉक्टरीणबाई दचकल्या. "हे कधी आले?"

"मगाशीच आलाय," ताई म्हणाली. "वेळेवर."

तिकडे कार्यालयात त्याच क्षणी तपासनीस जागे झाले. डोळे चोळत बाहेर आले तर समोर रिकामी खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर ठसठशीत बंद करायची खूण. "वा! इथे तर फर्निचरसुद्धा बंद करतात," म्हणत त्यांनी उभ्या उभ्या प्रमाणपत्रावर सही केली आणि घरी गेले. त्यांच्यामागून बाकीचे क्रमाने सुटले. शेवटी साहेब राहिले, आणि तेव्हा त्यांना कुलूप आठवलं.

मामांच्या खिशातला फोन वाजला. एवढा वेळ तो टिप्पणीत गप्प होता, त्यामुळे आता जरा जोरातच वाजला.

"मामा!" साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अहो, किल्ली तुमच्याकडे आहे! आधी उघडलं तुम्ही, तुमच्याशिवाय बंद कसं करायचं? इथे एवढं मोठं कार्यालय सताड उघडं आहे! ऐकताय ना?"

मामा सवयीने दाराकडे वळले. हात खिशात गेला, किल्ली हाताला लागली. मग ताईकडे पाहून ते थांबले.

ताईने त्यांच्या हातातून फोन घेतला. जन्मभर त्यांच्यामागून दारं, नळ, बरण्या मिटवत फिरलेली ताई.

"राहू दे हो आज उघडं," ती साहेबांना म्हणाली, आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

साहेब उशीखालून बराच वेळ काहीतरी सांगत होते. मामांनी स्टूल ओढून घेतलं आणि तिला नीट दिसेल असं खिडकीच्या उजेडात बसले.